घरीच स्किन बदलल्या, पण १३ चा टॉम सुरात येईना

भांडुपकर | शनिवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. मामांचा जुना ड्रमसेट ११ वर्षं आमच्या माळ्यावर गोणपाटात बांधून पडला होता. मामा परळच्या एका वाद्यवृंदात वाजवायचे, गणपतीचे दहा दिवस घरी त्यांचं तोंड दिसायचं नाही. आता ते कणकवलीला असतात. लेक अकरावीला गेली, ड्रम शिकायला लागली, तेव्हा मामाच फोनवर म्हणाले, "सेट काढ खाली. स्किन मात्र सगळ्या बदल." स्किन म्हणजे ड्रमवर ताणलेला पडदा.

२२ इंची बेस, १२ आणि १३ चे टॉम (काडीनं वाजवायचे मधले ड्रम), १६ चा फ्लोअर टॉम, १४ ची स्नेअर (खालच्या स्किनवर तारा असतात तो ड्रम). धोबी तलावला जाऊन स्किन आणल्या, टॉमना वरून दुपदरी आणि खालून एकपदरी. गेल्या शनिवार-रविवारी आम्ही दोघं बापलेक बसलो आणि बदलल्या. १२ आणि १६ बरे लागले. १३ काही केल्या लागत नाही. मारला की एक सरळ 'ढुम्म' यायच्या ऐवजी 'घुंव-घुंव-घुंव' अशा लाटा येतात आणि मग विरतात. सहाही बोल्ट मोजून अडीच-अडीच फेरे आवळलेत. एका दुकानात नेला, तर त्यांनी न ऐकताच सगळे बोल्ट करकचून आवळले आणि ४०० रुपये घेतले. आवाज वर गेला, लाटा आहेत तशाच.

आणखी एक. जुनी स्किन काढल्यावर आत लाकडावर पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं. १६ मध्ये 'सा', १३ मध्ये 'ग', १२ मध्ये 'प'. मामांना विचारलं तर हसले आणि म्हणाले, "लावलास की कळेल."

चर्नीरोडचा_ठेका | शनिवार, रात्री ९.४८

बोल्ट आवळताना समोरासमोर गेलात की गोल-गोल?

आणि फेरे मोजण्यावर विसंबू नका. ११ वर्षं मुंबईच्या हवेत पडलेल्या बोल्टाच्या आट्यांत गंज असणारच. असा बोल्ट बोटानं फिरवताना मध्येच अडतो आणि आपल्याला वाटतं की रिंगला (स्किन दाबून धरणाऱ्या कड्याला) टेकला. तिथून मोजलेल्या अडीच फेऱ्यांना काही अर्थ उरत नाही.

भांडुपकर | शनिवार, रात्री ९.५५

गोल-गोल गेलो. एक पूर्ण आवळायचा, मग शेजारचा. गंज होताच, दोन बोल्ट तर पक्कडीनं काढावे लागले.

जुना_वाद्यवृंद | शनिवार, रात्री ११.१०

आधी पेन्सिलचं सांगतो, कारण ते वाचून मला फार बरं वाटलं. मामांनी टॉम कुठे लावायचे ते लिहून ठेवलंय. १६ चा आवाज सा धरायचा, १३ त्याच्या गंधारावर, १२ पंचमावर. वरून खाली रोल घेतला की प-ग-सा असा उतरतो आणि कुठल्याही गाण्यात कानाला खुपत नाही. आमच्या वेळी बरेच जण असंच लावायचे. सा कोणत्या पट्टीतला ते त्यांनी लिहिलं नाही, कारण ते शेलच (ड्रमचं लाकडी नळकांडं) सांगतो. १६ ची स्किन पार ढिली करून हळूहळू चढवत न्या. एका ठिकाणी ड्रम मोकळा बोलतो, पोटातून. त्याच्या खाली फडफडतो, वर गेलं की आवाज चिमटल्यासारखा होतो. ती मोकळी जागा हा तुमचा सा.

आता १३. झालं ते विसरा आणि दोन्ही बाजू परत उघडा. खरंच सांगतो, आवळलेल्या ड्रमवर मलमपट्टी करण्यापेक्षा पहिल्यापासून लावणं लवकर होतं.

उघडताना एक बोल्ट पूर्ण सैल करू नका, नाहीतर रिंगचा सगळा ताण दुसऱ्या बाजूला जातो. समोरासमोरचे अर्धा-अर्धा फेरा सोडत या. बोल्ट आणि वॉशर एका ताटलीत ठेवा. गंजलेले बोल्ट रात्रभर रॉकेलमध्ये बुडवा, सकाळी जुन्या टूथब्रशनं आटे घासा, पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. वॉशर सहाच्या सहा आहेत ना ते बघा. एक जरी नसला तरी तो बोल्ट रिंगवर घासत फिरतो आणि हाताला खोटं सांगतो.

मग शेलची कड. डोळे मिटून तर्जनी कडेवरून एक पूर्ण फेरी फिरवा. खाच, उंचवटा, जुना डिंक, जे असेल ते बोटाला कळतं. कोरड्या फडक्यानं पुसायचं, पाणी लावायचं नाही. लाकूड आहे, पदर फुगतात. देवघरातली मेणबत्ती कडेवरून हलकी फिरवलीत तर स्किन कडेवर सरकून नीट बसते.

स्किन ठेवली की आधी बोटानं गोल फिरवून बघा. कुठे अडकायला नको, सगळीकडून सारखी फट दिसायला हवी. रिंग ठेवा, सहाही बोल्ट नुसत्या बोटांनी टेकवा. बोल्ट फिरवायच्या दोन चाव्या असतील तर समोरासमोरचे दोन बोल्ट एकाच वेळी फिरवता येतात, त्यासारखं सुख नाही. पाव फेरा, मग पुढची जोडी, मग तिसरी. सुरकुत्या गेल्या की तळवा मधोमध ठेवून दाबा. कडेच्या डिंकाचा कडकड आवाज आला तरी घाबरू नका, स्किन बसतेय. पुन्हा पाव फेरा आणि रात्रभर ठेवून द्या. सूर दुसऱ्या दिवशी.

सूर लावताना ड्रम सोफ्यावर किंवा घडी घातलेल्या सतरंजीवर ठेवा, म्हणजे खालची बाजू गप्प राहते. एक बोट मधोमध अलगद टेकवायचं, आणि काडीनं प्रत्येक बोल्टासमोर, कडेपासून दोन बोटं आत, हलकी टिचकी. जोरात मारू नका, जोरात मारलं की सगळेच आवाज सारखे वाटतात. सहा जागा, सहा आवाज. त्यातला सगळ्यात खालचा शोधा आणि त्याला वर आणा. एखादा फार वर असेल तर तो आधी पुरता खाली उतरवून मग खालून वर चढवायचा. वरून उतरवून सोडलेला बोल्ट वाजवता वाजवता आणखी उतरतो.

पुडीवाला | रविवार, सकाळी ७.३०

मी तबल्यातला माणूस, ड्रमसेट कधी उघडला नाही. पण वरचं वाचून आमचंच कुणी लिहितंय असं वाटलं. आमच्याकडे पुडीच्या, म्हणजे तबल्यावरच्या चामड्याच्या, कडेला १६ घरं. गट्ट्यांवर (वादीखालच्या लाकडी ठोकळ्यांवर) आधी ढोबळ सूर आणायचा, मग गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर) हातोडीनं एकेक घर. एक घर उतरलेलं असेल तर 'ना' मध्ये असाच थरथरता आवाज येतो. आणि समोरचं घर बघायला विसरायचं नाही, हे माझे गुरुजी दर वेळी सांगायचे. चूक इथे ऐकू येते पण बसलेली असते समोर.

एक शंका. पुडीला शाई (तो काळा गोल लेप) असते म्हणून तबल्याला पक्का सूर मिळतो. ड्रमच्या स्किनला शाई नाही, मग तिचा ग आणि प कसा ओळखायचा?

मुलुंडची_मास्तरीण | रविवार, सकाळी १०.०५

पुडीवाले, तुमची शंका या धाग्याच्या मुळाशी जाते. मी भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून थोडं विस्तारानं.

तार छेडली की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे स्वर सोबत निघतात, म्हणून ती गोड लागते. गोल, एकसारख्या पडद्याचं तसं नसतं. त्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे आडवेतिडवे येतात. ते एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे कानाला एक ठाम सूर सापडत नाही. शाईच्या वजनामुळे तबल्यात हेच स्वर सरकून जवळजवळ पूर्ण पटींत येतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी यावर काम केलं होतं. त्यांचा पहिला लेख १९२० मध्ये 'नेचर'मध्ये आला आणि १९३४ मध्ये त्यांनी तो विषय विस्तारानं मांडला.

ड्रमचा गंधार तबल्याइतका स्वच्छ येणार नाही, पण मूळ स्वर पुरेसा दणकट असतो. तीन टॉम एकापाठोपाठ वाजले की कान त्यांतली अंतरं बरोबर पकडतो. सा-ग-प म्हणजे ४ : ५ : ६.

आता भांडुपकरांच्या लाटा. १.५९ पटीचा जो स्वर आहे तो जोडीनं राहतो. त्या कंपनात पडद्याचा अर्धा भाग वर जातो तेव्हा उरलेला अर्धा खाली. ही विभागणी उभी होऊ शकते, तशी आडवीही. ताण सगळीकडे सारखा असेल तर दोन्हींची कंपनसंख्या एकच. एका बाजूला ताण कमी पडला की जोडी फुटते. समजा एक १५० झाला आणि दुसरा १५३, तर सेकंदाला ३ लाटा ऐकू येणार. तेच तुमचं घुंव-घुंव. मध्यावर बोट टेकवायला सांगितलंय त्याचं कारणही हेच. मूळ स्वर मध्यावर सगळ्यात जास्त हलतो, तो बोटानं दबतो. ही जोडी मध्यावर हलतच नाही, म्हणून ती तेवढी उरते आणि बोल्टाबोल्टातला फरक उघडा पडतो.

दुकानात नुसतं आवळून फायदा का झाला नाही तेही यातच आलं. सगळीकडचा ताण वाढला, फरक तसाच राहिला. शिवाय त्याच पडद्याचा स्वर दुप्पट उंच करायचा तर ताण चौपट करावा लागतो. तो सगळा भार रिंग आणि बोल्टांवर येतो.

पथकातली | रविवार, दुपारी १२.४०

आमच्या पथकात ढोलाचं पान बदलताना हेच चालतं. फरक एवढाच की बोल्टऐवजी दोरी आणि ताणायला चार हात. आता पानं फायबरची असतात, म्हणून भर पावसात मिरवणूक निघाली तरी उतरत नाहीत. चामड्याचं तसं नाही. हलगीवाल्यांना पावसाळ्यात दर थोड्या वेळानं शेकावंच लागतं.

भांडुपकरांना सुचवते, रिंग सपाट आहे का ते बघा. आमच्या एका ढोलाचं कडं टेम्पोतून पडून वाकलं होतं. दोन महिने आम्ही पानाला दोष देत बसलो.

भांडुपकर | रविवार, रात्री ८.१५

पथकातली ताई, तुमचा प्रतिसाद वाचून उठलो आणि रिंग स्वयंपाकघरात नेली. ओट्याचा ग्रॅनाइट एवढा सपाट दुसरं काही घरात नाही. रिंग ठेवली, वरून बोटानं दाबली तर टक-टक डुगडुगली. बायकोनं बाजूचा डबा उचलून दिवा जवळ आणला. दोन बोल्टांच्या भोकांमधल्या जागेत ओटा आणि रिंग यांच्यातून उजेड दिसत होता. रुपयाचं नाणं आडवं आत गेलं. बाकी सगळीकडे कागदसुद्धा जात नव्हता.

मग शेलही तपासला. रात्री दिवे बंद केले, शेल ओट्यावर उलटा ठेवला, आत मोबाइलचा टॉर्च. कड सगळीकडे टेकलेली, उजेडाची एकही रेघ बाहेर आली नाही. दोन्ही बाजू केल्या. म्हणजे शेल शाबूत आहे, वरची रिंग गेलीय.

लेकीनं मामांना फोन केला. मामा लगेच म्हणाले, "एका वर्षी कार्यक्रमाहून येताना जिन्यावरून पडला होता, तोच असेल तो."

ठोकून सरळ करू का?

जुना_वाद्यवृंद | रविवार, रात्री ९.००

नको. पत्र्याची रिंग हातोडीनं वरवर सरळ दिसते, पण ताण आला की परत त्याच जागी वाकते. नवी आणा. १३ इंच, ६ भोकांची, हे दोन्ही नीट सांगा. १२ आणि १३ मध्ये नजरेची गल्लत होते, आणि ८ भोकांची घरी आणून बसलेले लोक मी पाहिलेत. जुनी रिंग सोबत न्या आणि दुकानातल्या काउंटरच्या काचेवर नवी ठेवून डुगडुगते का ते बघूनच घ्या.

चर्नीरोडचा_ठेका | रविवार, रात्री ९.२२

रिंग येईपर्यंत खालची स्किन लावून घ्या, आणि ती वरच्यापेक्षा चढी ठेवा. दोन्ही सारख्या ठेवल्या तर टॉम फार वेळ घुमत राहतो. आपल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत सगळं एकमेकांत मिसळतं.

जुना_वाद्यवृंद | रविवार, रात्री ९.४०

इथे माझं मत वेगळं आहे. दोन्ही सारख्या लावल्या की सगळ्यात लांब आणि खरा आवाज मिळतो, आणि नव्या माणसाला सूर ओळखायला तेच सोपं जातं. आधी सारख्या लावा, कान तयार होऊ द्या. घुमणं जास्त वाटलं तर नंतर खालची चढवा.

चर्नीरोडचा_ठेका | रविवार, रात्री ९.५८

शिकण्यासाठी सारख्या, हे पटलं. दोन्ही करून बघा आणि इथे लिहा. स्नेअरला मात्र हे लागू नाही. तिची खालची स्किन चढीच हवी, नाहीतर तारा लोळतात.

भांडुपकर | सोमवार, रात्री १०.३०

स्नेअर अजून पूर्ण लावली नाही. तिची खालची स्किन इतकी पातळ आहे की हात लावायची भीती वाटते.

दादरची_काडी | मंगळवार, सकाळी ८.५०

भीती योग्य आहे. ती साधारण ३ मिलची असते, म्हणजे ०.०७६ मिलिमीटर. एकपदरी वरची स्किन बहुधा १० मिलची, दुपदरी म्हणजे ७ मिलचे दोन पदर. त्यामुळे खालच्या स्किनला टॉमसारखा तळव्याचा दाब कधीच द्यायचा नाही आणि तिच्यावर काडी टेकवायची नाही. टिचकीसुद्धा बोटानं.

कड बघताना समोरासमोर दोन ठिकाणी ती थोडी उतरती केलेली दिसेल. ते नुकसान नव्हे, तारांची पट्टी तिथून जाते म्हणून मुद्दाम तसं केलेलं असतं. आमच्या क्लासमधल्या एका मुलानं ते घासून सपाट केलं आणि स्नेअर कायमची बिघडली. तिथे पॉलिशपेपर लावू नका.

तारा बसवताना दोन्ही टोकं कडेपासून सारख्या अंतरावर येतील असं बघा. आणि १२ चा टॉम वाजवल्यावर स्नेअरच्या तारा आपोआप किरकिरल्या तर स्नेअरमध्ये दोष शोधत बसू नका. दोघांचे सूर जवळ आलेत, एकाला जरा हलवा.

गोरेगावची_वही | मंगळवार, दुपारी २.१५

वाचनखूण साठवली. एक विचारते, सोसायटीत हे सगळं करताना शेजारी?

दादरची_काडी | मंगळवार, दुपारी ३.००

सूर लावायला टिचक्याच लागतात, त्याचा त्रास मिक्सरएवढाही होत नाही. वाजवायचं असेल तर रात्री १० ते सकाळी ६ अजिबात नाही, तो नियमच आहे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि ड्रमसेट ती सहज ओलांडतो. मी सरावाला जाळीच्या स्किन लावते. हाताला साधारण तसाच उसळा मिळतो, आवाज उशीवर मारल्यासारखा. आणि खालच्या मजल्यावरच्या आजींना वेळ विचारून घेतली आहे, त्या ५ ते ६ फिरायला जातात.

भांडुपकर | पुढच्या रविवारी, सायंकाळी ६.४०

रिंग मिळाली. काउंटरच्या काचेवर तीन ठेवून बघितल्या, त्यातली एक डुगडुगली, दुकानदारानं स्वतःच ती बाजूला ठेवली.

काल रात्री स्किन बसवून ठेवली. आज दुपारी चावी माझ्या हातात, काडी लेकीच्या. पहिल्या फेरीत तिला सहाही सारखे वाटले, मला तर काहीच कळेना. मग तिनं प्रत्येक टिचकीनंतर तो आवाज तोंडानं गुणगुणायला सुरुवात केली आणि दोन बोल्ट लगेच पकडले. एक खाली होता. त्याच्या समोरचा वर. पुडीवाल्यांचे गुरुजी आठवले. खालचा पाव फेऱ्यानं चढवला, तर समोरचा न हलवताच जवळ आला. पाऊण तास गेला. शेवटी बोट काढून मधोमध मारला आणि एकच सरळ 'ढुम्म' आला. लाट नाही.

१६ चा सा आधीच सापडला होता. ग साठी तिनं पेटीच्या अॅपवर स्वर धरला आणि आम्ही सहाही बोल्ट समोरासमोर थोडे-थोडे चढवत गेलो. दोन्ही स्किन सारख्या ठेवल्या तेव्हा आमच्या हॉलमध्ये फार घुमला. खालची थोडी चढवल्यावर आवाज आवरला. जुना वाद्यवृंद, तुम्ही सांगितल्या क्रमानं केलं म्हणून फरक कळला. चर्नी रोडकर, राहिलं मात्र तुमचं.

वरची स्किन बसवायच्या आधी लेकीनं मामांच्या 'ग'च्या खाली पेन्सिलनं महिना, साल आणि 'नवी रिंग' एवढं लिहिलं.

आता फक्त बेस उरलाय. काडीनं मारला तर ठीक, पॅडलनं मारला की 'बोंऽऽग' असा लांबतो. पुढच्या स्किनला भोक पाडायचं का?

जुना_वाद्यवृंद | रविवार, सायंकाळी ७.०५

एवढ्यात नको, भोक पाडलं की बुजवता येत नाही. आधी एक जुनी गोधडी घ्या, लांब घडी करून शेलच्या तळाला आडवी ठेवा, दोन्ही स्किनला तिची कड जेमतेम टेकेल अशी. मागची स्किन सुरकुती जाईल इतकीच आवळा, वर अर्धा फेरा. वाजवून बघा. आवाज फार मेला तर गोधडी पुढच्या स्किनपासून चार बोटं मागे सरकवा. सुती हवी. फोमच्या उशा पावसाळ्यात आत ओल धरतात आणि मग शेलला वास लागतो.